हा दिवाणी मामला आहे

मी कोर्टात दुभाषी होते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे वकील?" नाही. "मग क्लार्क?" तेही नाही. ज्या माणसाला आपलं म्हणणं इंग्रजीत मांडता येत नाही त्याच्या शेजारी बसायचं, त्याचं मराठी कोर्टासाठी इंग्रजीत करायचं आणि कोर्टाचं इंग्रजी त्याच्यासाठी मराठीत. एवढंच माझं काम. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या कोर्टांत मी ते इतकी वर्षं केलं की दारावरचे सिक्युरिटीवाले बॅग तपासताना "आज डब्यात काय?" असं विचारायचे.

काम ऐकायला सोपं, पण त्याचे नियम फार कडक. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. शिवी असेल तर शिवीच. साक्षीदार "मी" म्हणाला तर आपणही "मी"च म्हणायचं. त्यामुळे अंगावर पैठणीचा स्टोल, नाकावर चष्मा, अशा थाटात मी एकदा जज्जसमोर अत्यंत गंभीरपणे सांगितलं आहे, "मी माझ्या मेहुण्याच्या डोक्यात लाटणं घातलं." आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे स्वतःचं मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. समोरच्याला कायदा चुकीचा सांगितला जात असला तरी तो चुकीचाच कायदा नीट, शुद्ध मराठीत सांगायचा.

या शेवटच्या नियमापायी माझं रक्त जितकं तापलं तितकं बाकी कशानेच नाही. रिटायर होऊन लंडनजवळ पिनरला मुलीकडे राहायला आले तरी तो राग गेलेला नाही. ज्या केसमुळे तो मनात बसला ती इथे सांगते. नावं बदलली आहेत, आणि जिची ही केस आहे तिची परवानगी घेतली आहे.

त्याआधी कायद्याचं थोडं सांगायला हवं. घाबरू नका, मी वकील नाही, त्यामुळे लवकर संपेल.

इथे कोर्टात येणारी भांडणं ढोबळमानाने दोन जातींची. एक दिवाणी. शेजाऱ्याने कुंपण दोन हात आत सरकवलं, दुकानाच्या ओल्या फरशीवर घसरून तुमचा पाय मोडला, कुणी तुमची खोटी बदनामी केली. एका माणसाने दुसऱ्याचं वाईट केलं, आणि ज्याचं झालं त्याने स्वतः कोर्टात जाऊन भरपाई मागायची. तुरुंगाचा प्रश्न सहसा येत नाही. दुसरं फौजदारी, म्हणजे गुन्हा. तिथे ज्याच्यावर बेतलं तो फक्त साक्षीदार. खटला भरतं ते सरकार किंवा कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, कारण एकाला मारलं तरी ते सगळ्या समाजाविरुद्ध केलेलं कृत्य मानतात. दिवाणीत जज्जला फक्त एवढं वाटावं लागतं की कुणाचं म्हणणं जास्त खरं दिसतंय. फौजदारीत खात्री पटावी लागते. शंका उरली की आरोपी सुटला.

आणि गुन्ह्याला नुसतं कृत्य पुरत नाही, मनही तसं असावं लागतं. सुटीला मुलाकडे आलेले एक आजोबा सुपरमार्केटमधून छत्री घेऊन निघाले. भाजीचे पैसे दिले होते, छत्री हातावर लटकलेली तशीच राहिली. कोर्टात त्यांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आजोबा ताठ उभे राहून म्हणाले, "चूक कबूल आहे, चोरी कबूल नाही." मी ते जसंच्या तसं सांगितलं. बेंचवरच्या मॅजिस्ट्रेट बाई हसल्या आणि म्हणाल्या, कायदाही हेच म्हणतो. आजोबा सुटले. बाहेर पडताना मला म्हणाले, "तुमच्या इंग्लंडात पाऊस काही ठरवून पडत नाही हो, त्याचा परिणाम."

आता जे सांगायचं ते सांगते.

एकच कृत्य दिवाणीही असू शकतं आणि फौजदारीही. भाडेकरूला कोर्टाचा आदेश नसताना घराबाहेर काढणं हे तसलं कृत्य. घर तुमच्या मालकीचं असलं तरी आधी लेखी नोटीस, मग कोर्ट, आणि तरीही भाडेकरू हलला नाही तर कोर्टाचे बेलिफ. परस्पर कुलूप बदललंत तर तो गुन्हा आहे. गेली कित्येक वर्षं आहे. हे मला कामाला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं, कारण अशा केसेस सारख्या यायच्या.

पोलीस कधी कधी दुभाष्याला फोनवरच घेतात. त्या दिवशी दुपारी मी चिवड्याचे पोहे भाजत होते आणि फोन आला. गॅस बंद करून कामाला बसले. पलीकडे एक तरुण पोलीस कॉन्स्टेबल. फोन स्पीकरवर होता. मागे रस्त्याचा आवाज, आणि एक लहान मूल रडत होतं.

"माझ्यासमोर एक बाई आहेत," तो म्हणाला. "त्यांना काय म्हणायचंय ते विचारा."

मी विचारलं. बाईचा आवाज थरथरत होता, पण ती बोलत होती नीट, एकेक गोष्ट क्रमाने. नाव रंजना. मूळची अमरावतीकडची. नवरा मिलिंद इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स, ड्यूटीवर आहे, वॉर्डमध्ये फोन जवळ ठेवता येत नाही. एका दुकानाच्या वरच्या फ्लॅटमध्ये ते भाड्याने राहतात. ती मुलीला शाळेतून घेऊन आली तर वरच्या दाराशी घरमालक आणि कुलूपवाला उभे. कुलूप बदलून झालेलं. सामान काळ्या पिशव्यांत भरून जिन्यात फेकलेलं.

"भाडं थकलंय का, विचारा," कॉन्स्टेबल म्हणाला.

"नाही जी. दर महिन्याला बँकेतून जाते," रंजना म्हणाली.

मग घरमालकाचा आवाज आला, सफाईदार इंग्रजीत. ही ओळखीची माणसं, मी त्यांना तात्पुरती जागा दिली होती, ती जायचीच होती, मला वाटलं गेली. त्यांचं बोलणं शांत होतं, जणू कुणी चुकीचं पार्सल आणून ठेवलंय. त्यांना मी सदाशिवराव म्हणेन. दुकान त्यांचं, इमारत त्यांची. राहायला मात्र ते दुसरीकडे.

कॉन्स्टेबलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगा त्यांना, धिस इज अ सिव्हिल मॅटर. पोलीस यात काही करू शकत नाहीत."

हे चूक आहे हे मला माहीत होतं. कायदा काय आहे ते माहीत होतं. आणि मला तेच सांगायचं होतं जे तो म्हणाला.

"हा दिवाणी मामला आहे," मी म्हणाले. "पोलीस यात काही करू शकत नाहीत."

"दिवाणी म्हणजे काय ताई?" रंजनाने विचारलं.

मी तिचा प्रश्न इंग्रजीत केला. कॉन्स्टेबल म्हणाला, "म्हणजे हे त्या दोघांचं आपापसातलं आहे. सॉलिसिटरकडे जा म्हणावं."

मी तेही सांगितलं. मग रंजना हळूच म्हणाली, "पण माझी पोरगी आज झोपंल कुठं, हे बी दिवाणीच का?"

हे वाक्यही मी इंग्रजीत केलं. त्यावर त्याने मला धन्यवाद दिले आणि फोन ठेवला.

तो कॉन्स्टेबल काही दुष्ट नव्हता. आवाजावरून दमलेला वाटत होता. पण ज्याच्या अंगावर वर्दी आहे, ज्याचा शब्द त्या जिन्यात शेवटचा ठरणार आहे, त्याला एवढं माहीत असायला नको? त्याने मालकाला "कुलूप उघडा, नाहीतर हा गुन्हा होतो" एवढं जरी म्हटलं असतं तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. दुभाष्याने सल्ला देऊ नये हा नियम मला आजही पटतो. प्रत्येक दुभाषी आपापला कायदा सांगत सुटला तर कोर्टाची जत्रा होईल. तरी त्या दिवशी तो नियम पाळल्यावर मला चिवडा करवेना, आणि पोहे मी शेवटी टाकून दिले.

मिलिंद शिफ्ट संपवून बाहेर आला तेव्हा त्याला सगळं कळलं. एका मल्याळी सहकाऱ्याने त्यांना घरी नेलं. सकाळी दोघं मुलीला घेऊन फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या एका लॉ सेंटरमध्ये गेले. तिथे जस्मीत नावाची सॉलिसिटर होती. तिने बाकीची कामं बाजूला सारली आणि त्याच दिवशी काउंटी कोर्टात तातडीचा अर्ज टाकला. काउंटी कोर्ट म्हणजे दिवाणी कोर्ट. मराठी दुभाषे इथे मोजकेच, त्यामुळे फोन पुन्हा मलाच. आदल्या दिवशीच्या कॉलवर मीच होते हे मी कोर्टाला आधीच सांगितलं. जज्ज म्हणाले, चालेल.

अशी सुनावणी पाहिली तर तुम्हाला कोर्ट वाटणारही नाही. लहानशी खोली, लांब टेबल, जज्जच्या अंगावर साधा सूट. विग नाहीत, हातोडा तर कुठेच नाही. रंजना माझ्या शेजारी बसली. मला तिने आवाजावरून ओळखलं, पण काही बोलली नाही. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. मांडीवर ओवी, तिची मुलगी, अजून कालच्याच शाळेच्या गणवेशात.

जज्जनी विचारलं, "मालकाने असं का केलं असावं? आधी काही भांडण?"

रंजना म्हणाली, भांडण नाही. उलट पहिल्या दिवशी सदाशिवराव स्वतः चावी द्यायला आले होते. आपली मराठी माणसं भेटली म्हणून खूश होते. त्यांची बायको दुकानात बसायची, ओवीला चॉकलेट द्यायची. मग बुद्धपौर्णिमा आली. रंजनाने खीर केली आणि वाटी घेऊन खाली दुकानात गेली. मालकीणबाईंनी हसून विचारलं, आज कसला गोडाचा बेत? रंजना म्हणाली, बुद्धपौर्णिमा आहे ना आमची. बाईंनी वाटी काउंटरवर ठेवली. संध्याकाळी ओवीला घेऊन ती दुकानावरून गेली तेव्हा वाटी तिथेच होती, वर साय धरलेली. दुसऱ्या दिवसापासून चॉकलेट बंद. मग वरचं गरम पाणी बंद पडलं, आणि दुरुस्तीला कुणी येईना. मग सदाशिवराव म्हणाले, जागा दुसरी बघा. आणि मग ते कुलूप.

जज्जनी सगळं लिहून घेतलं. मला नाही वाटत त्यांना खिरीचा अर्थ पूर्ण कळला. पण कायद्यापुरतं त्यांना पुरेसं होतं. आदेश निघाला: या कुटुंबाला ताबडतोब घरात घ्यायचं. नाही घेतलं तर तो कोर्टाचा अवमान आणि त्याला तुरुंगसुद्धा आहे. त्याच संध्याकाळी सदाशिवरावांनी नवी चावी जस्मीतच्या हाती दिली. पुढे भरपाईचाही निकाल लागला. दिवाणी बाजू संपली. एका दिवसात दार उघडलं, हे कोर्टाचं श्रेय, आणि मी ते देते.

पण गुन्हा? त्याचं काय?

कौन्सिलमध्ये भाडेकरूंच्या छळाच्या तक्रारी बघणारा एक अधिकारी होता. जस्मीतने मागे लागून त्याला इतकं छळलं की शेवटी कौन्सिलने मॅजिस्ट्रेट कोर्टात फौजदारी खटला भरला. तारीख लागायला महिने गेले. त्या तारखेला दुभाषे पुरवणाऱ्या एजन्सीने जो दुभाषी पाठवला तो हिंदीचा. बिचारा भला माणूस, जन्म लखनौचा, मराठीचा एक शब्द येत नव्हता. यादीत बहुधा "इंडियन" एवढाच रकाना असावा. रंजना सकाळपासून कोर्टात येऊन बसलेली, मिलिंदने सुटी काढलेली, आणि खटला पुढे ढकलला. पुन्हा कित्येक महिने. आम्ही पन्नास भाषा बोलणारी माणसं त्यांच्या हॉस्पिटलात त्यांच्या आईबापांना अंघोळी घालतो, पण आमची भाषा कोणती हे विचारायला यांना सवड नाही!

दुसऱ्या तारखेला मला बोलावलं. फोन मीच ऐकला होता, काउंटी कोर्टातही मीच होते, हे दोन्ही बाजूंना कळवलं. कुणाची हरकत नव्हती.

सुनावणीच्या दोन दिवस आधी घरी अरविंदरावांचा फोन आला. इथल्या मराठी मंडळींतलं मोठं प्रस्थ. गणपतीत आरतीचं ताट त्यांच्याच हाती. माझ्या मिस्टरांचे जुने स्नेही. माझं नाव त्यांना कसं कळलं हे विचारायची गरज नव्हती. इथे मराठी दुभाषे आहेतच किती?

"वहिनी, चहा झाला का?" इथून सुरुवात झाली. मग म्हणाले, "सदाशिव आपला माणूस आहे. या वयात त्याच्या नावावर गुन्हा लागणं बरं का?"

"अरविंदराव, मला या विषयावर बोलता येत नाही."

"नका बोलू. मी बोलतो. हे बघा, त्या बाईच्या पोलिसांतल्या जबाबात लिहिलंय की सदाशिव म्हणाला, यू हॅव डॅमेज्ड माय हाउस. आता ती कोर्टात मराठीत जे काही बोलेल, त्याचं तुम्ही डॅमेजच करा. जबाबाशी सुसंगत राहील. खोटं काहीच नाही. शब्दच तर आहे, वहिनी."

कौन्सिलची तक्रार गेल्यावर पोलिसांनी तो जबाब नंतर घेतला होता, आणि वेगळ्याच कुणा दुभाष्याने तो फोनवर इंग्रजीत केला होता. ती नेमकं काय म्हणाली असेल हे मला त्या क्षणी कळलं. तिने तो शब्द माझ्यासमोर अजून उच्चारलेला नव्हता, तरी कळलं. आमच्यासारख्या सवर्ण घरांत वाढलेल्या कुणालाही कळेल.

"तुम्ही आत्ता जे केलंत," मी म्हणाले, "त्याला इथे न्यायाच्या कामात अडथळा म्हणतात. तो दिवाणी नाही, गुन्हा आहे. मी हा फोन कोर्टाला कळवणार."

"अहो वहिनी, काय हे! आपण घरची माणसं..."

मी फोन ठेवला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द जपून वाहिले, आणि हा माणूस मला ते आपल्या माणसाच्या अब्रूसाठी बदलून मागत होता, तेही चहाची चौकशी करून!

कोर्टात पोचल्याबरोबर मी सगळं सांगितलं. तीन मॅजिस्ट्रेट होते, साधी नागरिक माणसं, वकील नव्हेत. त्यांना कायदा समजावायला एक लीगल ॲडव्हायझर खाली बसलेला असतो. बरीच कुजबुज झाली. सदाशिवरावांच्या वकिलाचा चेहरा पडला. आपल्या अशिलाला यातलं काही माहीत नाही, दुभाष्याबद्दल हरकत नाही, असं तो म्हणाला. अरविंदरावांना नंतर पोलिसांनी बोलावून कडक समज दिली एवढं मला कळलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

रंजना साक्षीला उभी राहिली. शपथ घेताना आवाज लहान होता, मग मोठा झाला. जिन्यातला प्रसंग सांगता सांगता ती म्हणाली, "मी म्हनलं, आमाले काहून काढता? तं ते म्हनले, माझं घर बाटवलंत तुम्ही."

सगळं मी इंग्रजीत केलं, आणि त्या एका शब्दापाशी थांबले.

अशा वेळी दुभाष्याला कोर्टाची परवानगी मागता येते. मी मागितली. मधल्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "बोला."

मी म्हणाले, "या क्रियापदाला इंग्रजीत एकच नेमका शब्द नाही. याचा अर्थ मोडतोड किंवा नुकसान असा होत नाही. ज्याला आपण खालच्या जातीचा समजतो त्याच्या स्पर्शाने किंवा नुसत्या असण्याने घर, भांडं किंवा अन्न अपवित्र झालं असं मानणारा माणूस हा शब्द वापरतो."

बाकीच्या दोन मॅजिस्ट्रेटपैकी एकाने पेन खाली ठेवलं.

बचावाचा वकील ताडकन उठला. दुभाषी साक्ष देतायत, त्या काही तज्ज्ञ नाहीत! त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ॲडव्हायझरने मान वळवून बाईंना सांगितलं, शब्दाचा अर्थ सांगायचा त्यांना अधिकार आहे. तो शब्द खरंच उच्चारला का, आणि का, हे तुम्ही ठरवायचं.

मग वकील रंजनाकडे वळला. "पोलिसांना तुम्ही 'डॅमेज' असं सांगितलंत. आज शब्द बदलताय?"

"मी तवाही बाटवलंच म्हनलं. इंग्रजी मी नाही केलं."

"तुम्ही त्या घराचं काही नुकसान केलं होतं, म्हणून मालक चिडले. खरं ना?"

रंजनाने दोन्ही हातांनी कठडा धरला. "बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी होती, ती मी घासून काढली. मागच्या माणसानं चुलीवर चिकटवून ठेवलेलं तेल मी चाकूनं खरवडलं. खिडक्या पुसल्या. मी ते घर साफ केलं जी. अन् तेले वाटते का मी घान केलं."

हे मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केलं.

दुपारी सदाशिवराव उभे राहिले. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती, मी आपल्या जागी बसून त्यांचं इंग्रजी हलक्या आवाजात रंजनाला मराठीत सांगत होते. त्यांचा बचाव तोच: हे लोक घर सोडून गेले अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कायद्यात हा बचाव आहे, समजूत खरीच वाजवी असेल तर. कौन्सिलच्या वकिलाने विचारलं, "कपाटात कपडे, फ्रिजमध्ये दूध, भिंतीवर मुलीची चित्रं. तरी ते गेले असं वाटलं?" सदाशिवराव म्हणाले, फ्रिज मी उघडला नाही.

"आणि जिन्यात त्यांना काय म्हणालात?"

"यू हॅव डॅमेज्ड माय हाउस."

"मराठीत बोललात ना? नेमके शब्द सांगा."

वकिलाने पुन्हा विचारलं. सदाशिवरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्या सगळ्या खोलीत मराठी कळणारी माणसं चारच: ते, रंजना, मिलिंद आणि मी. ते माझ्याकडे बघून, अगदी घरगुती सुरात, मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्यातल्या. तुम्ही तरी समजून घ्या."

मधल्या बाईंनी लगेच विचारलं, "ते काय म्हणाले?"

नियम माझ्या बाजूने आला, आयुष्यात एकदाच. कोर्टात परक्या भाषेत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. मी उभी राहिले. "ते म्हणाले: वहिनी, तुम्ही आमच्यापैकी एक आहात. निदान तुम्ही तरी समजून घ्या."

"वहिनी म्हणजे?"

"भावाची बायको. आदराने आणि आपलेपणाने म्हणतात, मॅडम. मी त्यांना ओळखत नाही."

"आमच्यापैकी एक," बाईंनी हळूच पुन्हा म्हटलं आणि लिहून घेतलं. सदाशिवरावांनी मान खाली घातली. त्यांच्या वकिलाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

मॅजिस्ट्रेट आत जाऊन बऱ्याच वेळाने परत आले. दोषी. कुटुंब तिथे राहत होतं हे त्यांना माहीत होतं, समजूत वाजवी नव्हती, कोर्टाचा आदेश नसताना घराबाहेर काढणं हा गुन्हा शाबीत झाला. दंड, कौन्सिलचा खर्च, रंजनाला झालेल्या त्रासाची भरपाई. सगळं मी तिला मराठीत सांगत होते. मिलिंदने डोळे मिटून घेतले होते.

मी वाट बघत होते की बाई त्या शब्दावर काही बोलतील. एक वाक्य. त्या बोलल्या नाहीत. कारण कायद्याने विचारलेल्या प्रश्नात तो शब्द नव्हताच. प्रश्न होता: आदेश होता का, आणि भाडेकरू गेले असं खरंच वाटलं का? का काढलं, हा प्रश्न या गुन्ह्यात विचारायचा नसतो. या देशाच्या समानतेच्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे. जात हा शब्द घालावा की नको यावर वर्षानुवर्षं खल झाला, आणि तो अजून आलेला नाही. कधी कधी ओढूनताणून वंशाच्या सदरात बसवतात. आणि तो येऊ नये म्हणून ज्यांनी इथे आटापिटा केला, त्यांत आपली माणसं होती, "इथे कुठे जात उरलीय?" असं हॉलभर लोकांना विचारणारी. सदाशिवरावांच्या जिन्यात उरली होती. अरविंदरावांच्या चहाच्या चौकशीत उरली होती.

कोर्ट उठलं आणि माझं काम संपलं. कामाबाहेर अशिलाशी बोलू नये हाही नियमच, पण केस निकालात निघाली होती, आणि मी पायऱ्यांवर थांबले. रंजना ओवीला शाळेतून आणायला निघाली होती. माझ्याजवळ येऊन तिने हात जोडले. "जयभीम, ताई."

"जयभीम," मी म्हणाले. तिच्याशी माझ्या स्वतःच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"आता विचारू का? आता तुम्ही सांगू शकता?"

"विचार."

"तेले शिक्षा कशाची झाली? कुलपाची ना?"

"हो."

"अन् जे म्हनला, त्याची?"

मी खूप शोधलं. दोन भाषा माझ्या हाताशी, त्यात इतक्या वर्षांचं कोर्ट. तिला खोटा दिलासा देता आला असता, पण ते माझ्याच्याने झालं नाही.

"त्याची नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला आधीच माहीत होतं आणि फक्त मला माहीत आहे का ते बघायचं होतं. मग शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ती बस पकडायला भराभर चालू लागली.